धुतलेला हात नको

मोठ्या डॉक्टरांच्या हाताला गुण होता, आणि तो वाहून जाऊ नये म्हणून ते हात धूत नसत. वॉर्डात बेसिन होतं, साबण होता, वर हात धुण्याच्या पायऱ्यांचं रंगीत चित्रही होतं. पण नातेवाईकच आडवे यायचे. "डॉक्टर, तसाच लावा हो हात!" आणि डॉक्टर तसाच लावायचे. पहिल्या खाटेवरचं गळू दाबलं, की त्याच हाताने दुसऱ्याचं पोट, मग तिसऱ्याचा गुडघा. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, तसं झालं. आठवड्यात अख्ख्या रांगेला गळवं आली. डॉक्टर उलट खूश. "बघा, आता सगळ्यांना एकच औषध!"

वॉर्डची सिस्टर हात धुवून त्यांच्या मागे लागली होती, ते हसण्यावारी न्यायचे. पण आज शेवटच्या खाटेवर सिस्टरचे स्वतःचे वडील होते. कालच पोटाचं ऑपरेशन झालेलं, टाके अजून ओले, आणि दुसरीकडे जागाच नव्हती. डॉक्टरांनी पहिलं गळू दाबलं तशी ती वडिलांच्या खाटेकडे धावली.

"बाबा, त्यांना आधी हात धुवायला सांगा."

"अक्कल आहे का तुला? मी काय धुतलेल्या हातासाठी इथं आलोय?"

बाबांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी डॉक्टर बाकीच्या खाटा उरकून आले, तशी तीच त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे, कबूल. पण आत्ता त्यावर नऊ पेशंटचे गुण बसलेत. बाबांना भेसळ नको. वरचे तेवढे धुवून टाका, तुमचा ठेवा."

आपल्या गुणात भेसळ? डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून असे हात धुतले, की चित्रातली एकही पायरी चुकली नाही. सिस्टरच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात मागे भांडी खणखणली. सगळी रांग गळवांसकट बेसिनखाली मग आणि बादल्या लावून बसली होती. कुणीतरी पाइपच सोडवला होता. "सगळा गुण यात उतरलाय, वाया कशाला घालवायचा?" पहिला मग सिस्टरच्या वडिलांचा मान म्हणून हातोहात बाबांकडे पोचला होता. त्यांनी पट्टीचं टोकही उचललं होतं.

सिस्टरने झेप घेऊन मग हिसकावला आणि मोरीत उपडा केला.

"बापाच्या जिवावर उठलीस!" बाबा ओरडले, आणि त्यानंतर तिच्याशी बोलेनासे झाले. ती रोज पट्टी बदलायची, आधी हात धुवून आणि नंतरही हात धुवून. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्या अबोल्याने तिला रडू यायचं. पण जखमेला पू धरला नाही.

टाके निघाले त्या दिवशी घरी जाताना बाबांनी तिचे हात हातात घेतले. साबणाने कातडी सोलवटली होती, बोटांना भेगा पडल्या होत्या. ते बघतच राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काय अवस्था करून घेतलीस गं पोरी," ते म्हणाले. "एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखव की."