एकरांग धोरण

नेतेसाहेबांची खुर्ची त्या दिवशी एका कागदावर लटकली होती. सभागृहाचा दंडकच तसा होता. नवं धोरण पास करून घ्यायचं तर नेत्याने आपल्या सदस्यांच्या शंकांना एका कागदावर उत्तर द्यायचं, आणि ज्याला शंका होती त्याने त्या कागदावर 'समाधान झाले' लिहून सही करायची. शंका बाराजणांना होत्या. पाचच्या आत बारा सह्या सभापतींच्या टेबलावर पोचल्या तर धोरण पास. नाही पोचल्या तर धोरण बाद आणि खुर्ची उपनेत्याची. उपनेत्याने त्या खोलीसाठी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

धोरणाचं नाव 'एकरांग'. नेतेसाहेबांना ते आंघोळ करताना सुचलं होतं. दाखला असो, नळजोड असो, पेन्शन असो की तक्रार, प्रत्येक सरकारी इमारतीत सगळ्या कामांना मिळून एकच रांग. ओळख चालणार नाही, हुद्दा चालणार नाही, मध्ये घुसणं तर नाहीच नाही. मसुदा चाळीस पानांचा. बाराजणांनी तो न वाचता शंका काढल्या आणि नेतेसाहेबांनी शंका न वाचता उत्तर टाइप करून घेतलं. अख्ख्या इमारतीत मसुदा वाचलेला माणूस एकच, नेतेसाहेबांच्या दारावरचा शिपाई. दिवसभर स्टुलावर बसून माणूस दुसरं करणार काय? सदतिसाव्या पानावर लिहिलं होतं की मतदानाच्या दिवशी सकाळपासून याच इमारतीत धोरणाचा प्रयोग करून पाहावा. शिपायाने तो करून पाहिला.

अकराच्या सुमाराला नेतेसाहेबांनी खिसा चाचपला. कागद नाही! घरी, कालच्या शर्टात. खोलीतला फोन बंद, म्हणून ते कोपऱ्यावरच्या कारकुनाकडे गेले आणि घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत आले तर शिपाई दारात आडवा.

"साहेब, रांगेत."

"अरे, ही खोली माझी आहे!"

"आत होतात तोवर होती. आता बाहेर आहात. पान एकोणीस, कलम चार."

"मला ओळखत नाहीस?"

"तीस वर्षं ओळखतो. पण ओळख बंद केलीत ना? तुम्हीच."

नेतेसाहेबांनी रांगेकडे पाहिलं. पुढे सह्या करायला आलेले ते बाराजण उभे होते, आणि त्यांच्या मागे नळाची तक्रार घेऊन आलेली बाई, निवृत्त मास्तर, पत्र घेऊन आलेला पोस्टमन. रांग जिना उतरून फाटकाबाहेर गेली होती. बाहेर तर काय, लोकांनी रांग पाहिली आणि पुढे काहीतरी मिळत असणार म्हणून उभे राहिले. लाँड्री मागे पडली, शाळेची भिंत संपली, तेव्हा कुठे पुलावर शेपूट सापडलं. आणि शेपटाला कोण, तर नेतेसाहेबांची बायको!

"तू इथे?"

"कागद विसरलात ना. दहापासून उभी आहे."

"दे इकडे! मी पळतो."

"पळून काय उपयोग? तुमच्या दारावरच्या त्या शिपायाने मला तीनदा मागे पाठवलं. म्हणाला, नेत्याची बायको म्हणून मध्ये घेतलं तर लोक काय म्हणतील? मला पटलं बाई."

नेतेसाहेबांनी तरी पुढे घुसून पाहिलं. "मी नेता आहे," असं म्हणाले. बायकोच्या पुढे उभा असलेला लाँड्रीवाला हसला. "सकाळपासून तिघं नेते येऊन गेले. तुम्ही चौथे." मग त्याने मागे वळून नेतेसाहेबांच्या बायकोलाच विचारलं, "वहिनी, यांना ओळखता का?"

"ओळखते तर. म्हणून तर सांगते, मध्ये घेऊ नका."

झालं! नेतेसाहेब गुपचूप बायकोच्या मागे उभे राहिले. बारा वाजले, दोन वाजले, साडेतीन वाजले. रांग मुंगीएवढीही सरकेना. लोक चिडले.

"आत बसलेला माणूस करतो तरी काय?" मास्तरांच्या ओळखीचे एक आजोबा म्हणाले.

"झोपला असेल," लाँड्रीवाला म्हणाला.

"यांना जनाची नाही, मनाची तरी हवी!" असं नेतेसाहेब स्वतःच ओरडले, आणि चार माणसांनी मान डोलावली तेव्हा त्यांना बरंही वाटलं. मग एकाएकी त्यांच्या लक्षात आलं. आत माणूस नाही म्हणून रांग हलत नाही, आणि रांग हलत नाही म्हणून माणूस आत जात नाही!

"अगं, आता गं?"

"धोंडा तुम्हीच पायावर पाडून घेतलाय, तुम्हीच उचला. मागे घ्या ते धोरण."

"आणि खुर्ची?"

"धोरण नाही तर शंका नाही, शंका नाही तर समाधान. बाराजण सह्या देतील की. मग खुर्चीला कोण हात लावतंय?"

बायकोचं डोकं पहिल्यापासूनच सरळ चालायचं. नेतेसाहेबांनी कागद उलटा करून तिच्या पाठीवर धरला आणि लिहिलं, 'मी एकरांग धोरण मागे घेत आहे.' त्यांचं अक्षर पोस्टरवर लिहिल्यासारखं, एकेक अक्षर चार बोटं. मागची बाजू काठोकाठ भरली.

माणसाला रांग मोडता येत नव्हती, पण कागदावर मसुद्यात काही बंधन नव्हतं. कागद हातोहात निघाला. लाँड्रीवाल्याने तो आजोबांना दिला, तिथून तो शाळेच्या भिंतीकडेने, फाटकातून, जिन्यावरून वर गेला. बाराजणांच्या हाती पडला तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. म्हाताऱ्या सदस्यांपैकी सगळ्यात चिवट, ज्यांना सगळे शंकासुर म्हणत, तेसुद्धा वाचून म्हणाले, "वा! पहिल्यांदाच सरळ उत्तर मिळालं." पण सही करणार कुठे? मागे तर मुंगी शिरायलाही जागा नव्हती. त्यांनी कागद सुलटा केला. तिथे टाइप केलेल्या भाषणाखाली भरपूर मोकळी जागा होती. 'समाधान झाले', सही. पुढच्या अकरांनी तेच केलं.

शिपायाने कागद सभागृहात नेऊन टेबलावर ठेवला, सुलटा. सभापतींनी वरचं भाषण पाहिलं, एकरांग धोरण हे युगप्रवर्तक आहे वगैरे. खाली बारा समाधानं पाहिली. सह्या असल्या की कागद उलटून पाहण्याची त्या सभागृहाला सवय नव्हती. हातोडा आपटला. धोरण एकमताने पास, आणि अख्ख्या देशाला लागू, तात्काळ.

बातमी रांगेतून तोंडातोंडी मागे आली. पुलावर पोचली तेव्हा लाँड्रीवाला मागे वळून म्हणाला, "धोरण पास झालं हो! आणि तुमच्या त्या नेत्याची खुर्ची वाचली म्हणे."

नेतेसाहेबांचा चेहरा उजळला आणि तसाच विझला. त्यांनी पुढे पाहिलं. खुर्ची तिकडे, रांगेच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये अख्खं गाव. मागे कुणी खाकरलं म्हणून वळून पाहिलं, तर उपनेते. बगलेत पडद्याच्या कापडाचे नमुने.

"तुम्ही शेवटचे ना?" उपनेते म्हणाले. "मग मी तुमच्या मागे."

बायकोने पदर खोचला. "बरं, मी निघते. माझं काम झालं, कागद पोचला."

"अगं, मी पण येतो."

"या की. पण नंबर जाईल."

नेतेसाहेबांनी उपनेत्याकडे पाहिलं, मग पुलापलीकडच्या घराकडे पाहिलं. ती रांगेतून बाहेर पडली आणि पूल उतरून गेली. तिची जागा रिकामी झाली, तसे नेतेसाहेब चटकन एक पाऊल पुढे सरकले.

दिवसभरात रांग पहिल्यांदाच हलली होती.