दोनशे पंधरा रुपये किलो

हसू नका मित्रांनो, पण पोटावर आकडे रंगवून घेण्यातच माझा जन्म गेला. मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. जबलपुरात, गोरखपुर नावाच्या मोहल्ल्यातल्या बाजारात, दिवाकररावांच्या फराळाच्या दुकानावर मी बावीस वर्षं टांगलेली होते.

सदर बाजारातल्या नथ्थू पेंटरने मला निळा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'आजचे भाव'. आता 'आजचे' आपलं म्हणायचं म्हणून. दिवाकररावांचा भाव वर्षातून एकदाच ठरायचा, गुढीपाडव्याला. फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, मापाशिवाय बोलायचा नाही. पाडव्याच्या आधी ते चकल्यांचा एक घाणा स्वतः तळत. भाजणी किती लागली, तेल किती आटलं, गॅस किती जळला, बायकांची मजुरी किती, सगळं कागदावर मांडत. त्यावर रुपयामागे वीस पैसे आपले धरत. मग मला खाली उतरवून टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसत आणि ऑइलपेंटने नवा आकडा काढत. तो वर्षभर हलायचा नाही.

फॅक्टरीच्या वसाहतीतली मराठी माणसं पैसे घरूनच मोजून आणत. "दिवाकररावांची पाटी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं म्हणत. केवढा ताठा होता मला तेव्हा!

दोन वर्षांपूर्वी दिवाकरराव गेले. मुलगा तर त्यांच्याआधीच गेला होता. गल्ल्यावर सून बसली, विनीता. घरात ती आणि तिची कॉलेजात शिकणारी मुलगी यशश्री. दोघींचं पोट या एका दुकानावर.

गेल्या पाडव्याला विनीताने सासऱ्यांसारखाच घाणा तळला, हिशेब मांडला आणि लिहिलं, चकली दोनशे चाळीस रुपये किलो. अगदी बरोबर लिहिलं. पण पावसाळ्यात तेल भडकलं, डाळी भडकल्या.

"आई, भाव वाढव ना. काहून थांबून राहिली तू?" यशश्री म्हणाली.

"पाडव्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही. बाबांनी कधी लावला का?"

तिथवर ठीक होतं. मग गणपतीच्या तोंडावर समोर एक मोठं, चकाचक दुकान उघडलं. दारात हा भला मोठा कागद: चकली दोनशे वीस रुपये किलो. विनीताच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला उतरवलं. मला वाटलं, आली बाई भानावर, आता वाढवते. तर तिने लिहिलं, दोनशे पंधरा! घाणा तळला नाही, तेल मोजलं नाही. समोर बघितलं आणि आकडा काढला.

अहो, समोरच्याचं गणितच वेगळं होतं. दिवसभर त्याच्याकडे तोंड करून लटकणारी मी, मला दिसत होतं ना! चकलीच्या ओढीने गिऱ्हाईक आत शिरायचं आणि दुप्पट भावाची मिठाई घेऊन बाहेर पडायचं. चकलीत त्याचं जे जायचं, ते मिठाईत भरून निघायचं. विनीताकडे मिठाई होती कुठे?

आमच्याकडे मात्र झुंबड उडाली. दिवाळीत तर रांग रस्त्यापर्यंत. वसाहतीतल्या इंदूकाकू म्हणाल्या, "जोरात चालली बाई तुझी! पाच किलो दे मला." विनीता लाजून हसली. तिने आणखी दोन बायका मजुरीला लावल्या. तिला वाटलं, आपण जिंकलो. किलोमागे वीस रुपये पदरचे जात होते, आणि मी ती भलती रक्कम पोटावर घेऊन लोकांना बोलावत होते. माझीच मला लाज वाटायची.

भाऊबीज झाल्यावर यशश्रीने एक घाणा तळला आणि वही उघडली.

"आई, किलोला दोनशे पस्तीस खर्च पडून राहिला आपल्याला. नऊशे किलो विकली आपण. अठरा हजार घरचे गेले."

विनीताने गल्ला उपडा करून मोजला. दुकानाचं भाडं, यशश्रीची फी, पुढच्या महिन्याचं तेल, काहीच उरलं नव्हतं. आठवड्याभरात समोरच्याने भाव दोनशे ऐंशी केला. पण आता आमच्याकडे तळायलाच काही नव्हतं.

दुकान सोडायच्या दिवशी इंदूकाकू आल्या. रिकामे डबे बघून त्या चक्रावल्या. "अगं, एवढी तर रांग होती!"

विनीताने सगळं सांगितलं. काकूंनी तिचा हात धरला.

"बाई गं, दोनशे साठही दिले असते आम्ही. तुझ्या हातची पाहिजे होती आम्हाला. बोलली काहून नाही?"

विनीता तोंडावर पदर दाबून रडली. मी दारावर लटकून ते बघितलं.

आता ती रोज सकाळी समोरच्या दुकानात चकल्या तळायला जाते. तिथला भाव आठवड्याला बदलतो. तिला कोणी विचारत नाही. यशश्रीचं कॉलेज सुटलं. मी त्यांच्या मोरीच्या फुटक्या खिडकीला ठोकलेली आहे, आणि इथून मला कोणी काढेल असं वाटत नाही.

मित्रांनो, मला सगळं कळत होतं, तोंड नव्हतं एवढंच. तुम्हाला आहे. ओळखीचं कोणी फार स्वस्तात देताना दिसलं, तर घाईने पिशवी पुढे करू नका. आधी एकदा विचारा, "तुम्हाला परवडतं ना?" त्या रांगेतली सगळी माणसं विनीताची ओळखीची होती. एकानेही विचारलं नाही.