खाटेवरचे आजोबा आणि काकूंचे श्रेयांक

मित्रांनो, पुतळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चौक येतो, चौथरा येतो आणि डोक्यावर बसलेली कबुतरं येतात. मीही एक जुना पुतळाच आहे, पण माझ्या नशिबी चौथरा नाही. जन्मापासून मी खाटेवर पडून आहे. रुग्णसेवा शिकवणाऱ्या वर्गातला मी रबरी रुग्ण. कोणी माझं अंग पुसतं, कोणी मला कुशीवर वळवतं, कोणी नाडी शोधता शोधता घामाघूम होतं. सगळे मला ‘आजोबा’ म्हणतात.

एका कारखान्यात साच्यात रबर ओतून मला घडवलं. छातीत स्प्रिंग बसवली, कोपर-गुडघे वळते ठेवले आणि पोटात वाळू भरली. कारण खरा आजारी माणूस काही कापसाचा नसतो. डोळे रंगवणाऱ्या कारागिराचा हात जरासा हलला आणि माझा डावा डोळा बारीक झाला. त्यामुळे मी सतत कोणाला तरी डोळा मारतोय असं वाटतं. पहिल्या दिवशी नवे विद्यार्थी घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी हसतात.

आमचा वर्ग इस्पितळामागच्या लांबट खोलीत संध्याकाळी भरायचा. शिकवायच्या आमच्या बाई. त्या इस्पितळातून मोठ्या परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण चाल अजून तातडीच्या विभागातलीच होती. विद्यार्थी मात्र शाळकरी नव्हते. बसचालक, स्वयंपाकी, दुकानात दिवसभर उभी राहणारी माणसं; दिवसाचं काम उरकून यायची आणि जांभया दाबत शिकायची.

त्यांच्यातच होत्या इस्त्रीवाल्या काकू. मोठ्या धुलाई केंद्रात त्या चादरींना इस्त्री करायच्या. मनगटांवर चटक्यांचे डाग होते, पण हात इतका हलका की त्यांनी मला वळवलं तर माझ्या पोटातली वाळूसुद्धा कुरकुरायची नाही. धुलाई केंद्रात नवं यंत्र येणार आणि निम्मी माणसं घरी बसणार, असं कानावर येत होतं. इस्पितळात सेविकेची जागा मिळाली तर काकूंचं घर तरणार होतं. पण त्यासाठी प्रमाणपत्र हवं होतं.

आणि प्रमाणपत्राचा नियम मोठा कडक होता. वर्ष सलग पुरं करा, नाहीतर हाती भोपळा. पहिल्या वर्षी काकूंच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. काकूंचा वर्ग सुटला. पुढच्या वर्षी त्या परत आल्या, तर आधीचं सगळं पुसलेलं. पुन्हा हात धुण्यापासून सुरुवात! त्या वर्षी कामाची पाळी संध्याकाळची झाली आणि वर्ग पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बसचालकाने त्यांचं नावच पाडलं, ‘पहिला धडा’. काकूही हसल्या. पण सगळे गेल्यावर माझे पाय पुसताना हळूच म्हणाल्या, “आजोबा, तुमचं बरं आहे बघा. तुम्हाला घरून बोलावणं येत नाही.”

मला बोलता आलं असतं, तर म्हणालो असतो, की मला घरच नाही.

असा अर्ध्यावर वर्ग सुटणाऱ्या एकट्या काकूच नव्हत्या. वर्षाच्या सुरुवातीला खोली गच्च भरायची आणि शेवटी खुर्च्याच जास्त दिसायच्या. मग नगरपालिकेच्या शिक्षण समितीने विचारलं, की इतके थोडे लोक पास होतात तर वर्गावर खर्च कशाला? काकूंचं तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आतच वर्ग बंद झाला. मला सामानाच्या खोलीत भिंतीला टेकवून उभं केलं आणि खांद्यावर केरसुण्या ठेवल्या. मित्रांनो, पडून राहण्यासाठी घडवलेल्याला उभं राहणं किती जड जातं, ते मला तेव्हा कळलं. माझा खांदा उसवला आणि थोडी वाळूही सांडली.

एके सकाळी दार धाडकन उघडलं. बाई उभ्या होत्या, मागे काकू.

“धर गं याचे पाय,” बाई म्हणाल्या. “आज समितीची बैठक आहे. याच्याशिवाय मी जाणार नाही.”

चाकाच्या खुर्चीत बसवून मला भर रस्त्याने नेलं. कोणी वाट करून देत होतं, कोणी हळहळत होतं. एक आजीबाई म्हणाल्या, “बिचारे! डोळा कसा झालाय बघा.” काकूंना हसू आवरेना.

सभागृहात बाईंनी नवी पद्धत मांडली. अभ्यासक्रमाचे लहान लहान भाग करायचे. अंघोळ घालणं एक, भरवणं एक, उचलणं-बसवणं एक. प्रत्येक भागाची वेगळी परीक्षा, आणि पास झालं की त्याचे श्रेयांक, म्हणजे तेवढं शिकल्याचे गुण, त्या माणसाच्या नावावर कायमचे जमा. मध्ये खंड पडला तरी मिळवलेलं जात नाही. सगळे श्रेयांक झाले की पूर्ण प्रमाणपत्र.

समितीचे अध्यक्ष लाकडाचे व्यापारी होते. माणूस सरळ, पण पैशाला चिकट. ते म्हणाले, “बाई, म्हणजे परीक्षा वाढल्या, परीक्षक वाढले, खर्चही वाढला. आणि तो कोणासाठी? मध्येच सोडून जाणाऱ्यांसाठी?”

बाई उत्तर देणार तोच काकू उठल्या. माझ्या खुर्चीची मूठ धरून त्या म्हणाल्या,

“साहेब, मीच ती सोडून जाणारी. हात कसे धुवायचे हे तुम्ही मला तीनदा शिकवलंत. तिन्ही वेळा खर्च तुमचाच झाला. एकदाच शिकवून लिहून ठेवलं असतं, तर उरलेल्या पैशांत मी पुढचं शिकले नसते का?”

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षही हसले, पण लगेच गंभीर झाले. “आणि अर्धं शिकून कोणी पुरी सेविका म्हणून मिरवलं तर? जबाबदारी कोणाची?”

प्रश्न खरा होता. बाई म्हणाल्या, “जेवढं येतं तेवढंच कागदावर लिहू. एक अक्षर जास्त नाही.” मग बैठकीला आलेल्या इस्पितळाच्या अधीक्षक उभ्या राहिल्या. भरवण्याचा आणि अंघोळीचा भाग पुरा केलेल्यांना त्या तेवढ्याच कामावर घेणार होत्या आणि परीक्षकांचा निम्मा खर्च इस्पितळ उचलणार होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे पाहिलं. मी अर्थातच डोळा मारत होतो.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “एक वर्ष करून पाहू. या आजोबांचा खांदाही शिवून घ्या.”

हात वर झाले. एकही विरोधात नव्हता. बाईंनी आनंदाच्या भरात माझ्या पाठीत अशी थाप मारली, की उरलेली वाळूही बाहेर येता येता राहिली.

पण नवी पद्धत म्हणजे फुकटची खिरापत नव्हती. परीक्षक बाहेरून आले. काकू भरवण्यात पास झाल्या, अंघोळीत पास झाल्या आणि उचलण्याच्या भागात नापास! मला खुर्चीत बसवताना त्या चाकांना अडसर लावायला विसरल्या. खुर्ची मागे सरकली आणि मी जमिनीवर आदळलो. काकू माझ्याशेजारीच जमिनीवर बसल्या. “संपलं. पुन्हा पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून कशाला?” बाई म्हणाल्या. “तेवढंच पुन्हा दे. बाकीचं तुझं आहे, ते कोणी घेत नाही.”

काकूंनी ते वाक्य बाईंकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग घरी जाऊन सासूबाईंनाच रुग्ण केलं आणि परीक्षकही. खुर्चीत बसण्याआधी सासूबाई रोज दरडावून विचारायच्या, “अडसर लावलास का?” पुढच्या परीक्षेत काकूंनी मला असं अलगद उचललं, की मी रबराचा आहे हे मीच विसरलो.

वर्षअखेरीला खोलीत बसायला जागा नव्हती. कोणी पूर्ण प्रमाणपत्र घेतलं, कोणी अर्ध्या वाटेचे श्रेयांक. टाळ्या दोघांनाही सारख्याच. काकूंना पूर्ण प्रमाणपत्र मिळालं, त्याबरोबर इस्पितळातली जागाही. सासूबाई पुढच्या रांगेत बसून शेजारणीला सांगत होत्या, “माझ्यावर शिकलीय ती.” समितीने योजना कायम केली. सुतारकाम, वीजकाम, स्वयंपाक, सगळ्या वर्गांना ती लागू झाली.

मित्रांनो, माझा शिवलेला खांदा आता छान आहे. फक्त मला पुन्हा उभं करून ठेवू नका, एवढंच मागणं. आणि तुमच्या घरी कधी आई, बाबा, मावशी किंवा काका संध्याकाळी पुस्तक उघडून बसले, तर हसू नका. टीव्हीचा आवाज कमी करा. त्यांचं शिक्षण मध्येच थांबलं, तर “किती राहिलं?” असं विचारू नका. “किती झालं?” असं विचारा, आणि ते सांगू लागले की शेवटपर्यंत ऐका.