पिशवी कापण्याआधी

"फुगला!" साहेबांनी सेल टेबलावर टाकला. "तिसरी खेप फुगली. पुरे झाली तुमची हौस. सोमवारपासून या नव्या सेलचं काम बंद."

मी बॅटरीच्या कारखान्यात सेल तपासते, वीस वर्षं झाली. साहेबांना वाटलं, ही बाई मान खाली घालून जाईल. छे!

माझ्या ताईचं स्वरयंत्र आजारपणात काढावं लागलं. आता गळ्यात काडेपेटीएवढं यंत्र असतं, त्यातून ती बोलते आणि शाळेत शिकवते. पण बॅटरी सातव्या, म्हणजे शेवटच्या तासाला मान टाकते. मोठी बसवावी तर गळ्याला ओझं. मुख्याध्यापिकेनं गोडीत सांगितलंय, पूर्ण दिवस जमत नसेल तर पुढच्या वर्षी दुसरी बाई बघू. ताई घरी आली की यंत्र चार्जिंगला आणि ती पाटीवर लिहिते. परवा लिहिलं, 'तुझा सेल कुठवर आला?'

तेवढ्याच आकाराचा सेल ४.२ ऐवजी ४.४५ व्होल्टपर्यंत भरला, तर तो सातवा तास निघतो. सगळं गाडं तिथंच अडलेलं. आम्ही आतली रसायनं बदलली, पत्रे बदलले, एकमेकांची डोकी खाल्ली. सेल आपले पुरीसारखे टम्म.

त्या दिवशी मी ठरवलं, एक खेप पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं राहून बघायची. पहिल्या चार्जिंगला सेलमध्ये गॅस होतो. तो जायला सेलच्या चपट्या पाकिटाच्या कडेला रिकामी पिशवी ठेवलेली असते. गॅस तिच्यात जमला की पिशवी कापायची आणि पाकीट सील करायचं. सीलवाल्या काकांनी कात्री उचलली.

"काका, थांबा! किती व्होल्ट झाले?"

"४.२. कार्डावर आहे तसं."

भिंतीवरचं कार्ड बघितलं. पहिलं चार्जिंग ४.२, मग कापा. अक्षर माझं! बारा वर्षांपूर्वीचं, जुन्या सेलसाठी लिहिलेलं. ४.२ च्या वर नव्यानं होणारा गॅस पिशवी कापल्यावर जाणार कुठं? काखेत कळसा नि गावाला वळसा! स्वतःचाच इतका राग आला की कार्ड टराटरा फाडलं.

साहेबांना सांगितलं, "चूक माझी. एक खेप द्या. आधी ४.४५ पर्यंत भरू, मग पिशवी कापू."

"हे आज सांगताय?"

"आज कळलं म्हणून आज सांगतेय. नाव माझं लावा. फुगला तर मला काढा."

साहेबांनी टेबलावरचा फुगलेला सेल उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एकच."

तीन महिने ते सेल भरले, रिकामे केले, पुन्हा भरले. रोज सकाळी मी एकेकाची जाडी मोजायची. एकही फुगला नाही. ताईचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं सेलच्या चाचण्या घेतल्या आणि पहिल्या नव्या यंत्रांतलं एक ताईला दिलं.

मी अर्धी रजा टाकून शाळेत गेले आणि वर्गाबाहेर उभी राहिले. सातवा तास चालू होता. ताई फळ्यापाशी बोलत होती. मी घड्याळ बघत होते, देवाचं नाव घेत होते. घंटा झाली. मुलं दप्तरं आवरायला लागली.

"बसा खाली," ताई म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."