कड्याच्या मध्यावर

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख चार महिने थांबल्यावर मिळाली होती, म्हणून वादळाचा इशारा असूनही सासरे आणि सून निघाले. सासरे गवंडी. पन्नास वर्षं दगडाशी झटापट करून हात राठ झालेले, आणि मोतीबिंदूमुळे नजरेला आता नुसता धुरकट उजेड उरलेला. सून शिवणकाम शिकवायची. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, तरी ती सासऱ्यांजवळच राहिली होती.

दुपारी दरड कोसळून रस्ता बंद झाला. बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं, किनाऱ्यानं गेलात तर इस्पितळाचं गाव तासाभरावर आहे, भरतीला अजून अवकाश आहे. त्याचा अंदाज चुकला की वाऱ्यानं पाणी लवकर आत लोटलं, कोण जाणे. अर्ध्या वाटेत घोट्याला पाणी लागलं. सुनेनं वळून पाहिलं, तर आलेली वाटही गडप झालेली. बाजूला काळा कडा, तीन मजली घराएवढा, जवळजवळ उभाच. वर रस्त्याचा कठडा दिसत होता.

आता वर चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माळ्यावरचा डबा काढायला शिडीवर चढतानाही तिला भीती वाटायची. सासऱ्यांनी खडकावरून हात फिरवला आणि बांधकामाच्या परांचीवरचा जुना नियम सांगितला: तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, आणि दगड डुगडुगला तर तो आपला नाही म्हणायचं. तिनं पुढे होऊन खोबणी सांगायच्या, त्यांनी मागून यायचं. आपल्याला दिसत नाही तेच बरं, खाली बघून घाबरायला नको, असंही ते म्हणाले. तिला हसू आलं नाही.

निम्म्यावर दोन माणसं जेमतेम टेकतील एवढी कपार होती. तिथं पोचेपर्यंत सासऱ्यांना धाप लागली. पाऊस तोंडावर सपासप मारत होता.

"तू वर जा, माणसं घेऊन ये," ते म्हणाले. "मी बसतो इथं."

खाली लाटा आता कड्यावर आपटत होत्या. ती हलली नाही.

"तसंही तुला जायचंच आहे ना? मोठ्या शहरातल्या नोकरीचं कळलंय मला. तुझ्या शिवणवर्गाच्या बाईंनी रस्त्यात अभिनंदन केलं माझं."

आपण नकार कळवून टाकला, असं तिनं सांगितलं.

"माझ्यापायी?"

तिला खोटं बोलवेना. "तुमच्यासाठी, आणि माझ्यासाठीही. ते घर सोडलं की हे खरंच गेले, असं होईल."

या विषयावर घरात तीन वर्षांत चकार शब्द निघाला नव्हता.

"मीसुद्धा रोज संध्याकाळी कडी वाजायची वाट बघतो," ते म्हणाले. "पण तो गेलाय, पोरी."

तिनं डोळे पुसले, पण पावसात त्याचा उपयोग नव्हता. मग ती त्यांच्या खालच्या बाजूला सरकली. एकेक पाऊल हातात धरून खोबणीत ठेवायचं असं तिनं ठरवलं.

"पडलो तर तुला घेऊन पडेन."

"मग पडू नका, बाबा."

किती वेळ लागला, दोघांनाही सांगता आलं नसतं. शेवटी सासऱ्यांचा हात कठड्याला लागला. दरड उपसणाऱ्या मजुरांनी दोघांना वर ओढलं आणि आपल्या गाडीतून गावात सोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन वेळेवर झालं.

डोळ्याला पट्टी असतानाच सासऱ्यांनी तिला नोकरीसाठी पुन्हा पत्र लिहायला लावलं आणि तिच्याकडून ते वाचूनही घेतलं. तिनं लिहिलं होतं, 'घरची अडचण आता दूर झाली आहे.' ही अडचण म्हणजे मीच का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं ते वाक्य खोडलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं: जागा भरली आहे, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा. तिला वाईट वाटलं. एवढं वाईट वाटेल, असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.