कुशाबाचा उपास

“त्या सिनेमात दोन कैद्यांना मिळून एकच ताटली देतात,” कुशाबा माईक पार ओठांना लावून सांगत होता. “ते दोघं जेवाया बसले की धम्मा मला कोपरानं ढोसायचा. बघ रे कुशा, म्हनायचा, बघ. किती येळा बघितला असंल, पन दर खेपेला ढोसायचा.”

मंडपात कुणीतरी नाक ओढलं. पुढच्या रांगेत बसलेल्या नीलाच्या मुठीत मात्र मेणबत्तीचं पाकीट चुरगळलं. आपण काय बोलतोय हे या माणसाच्या स्वतःच्या कानावर पडत नव्हतं का?

आज तिच्या वडिलांचं, धम्मपालचं, मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन होतं. चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर; दारातच मंडप घातला होता. धम्मपाल महाडच्या एसटी डेपोत मेकॅनिक, उमरठ गावचा कुशाबा त्याच डेपोत ड्रायव्हर. दोघांची दोस्ती डेपोत दृष्ट लागण्यासारखी. तुरुंगातल्या दोन मित्रांचा तो जुना इंग्रजी सिनेमा हिंदी बोलत टीव्हीवर लागायचा, तेव्हा कुशाबा ड्युटी संपवून थेट इथे यायचा. पुढे नीलानेच तो पेन ड्राइव्हवर आणून दिला. मग तर दोघांना निमित्तही लागेना.

सिनेमा संपला की आई पानं घ्यायची आणि कुशाबा उठायचा. त्याचा उपास असायचा. सोमवारी महादेवाचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. मधल्या वारी देव सापडला नाही तर पोटात गॅस. चहा तेवढा घ्यायचा, तोही नाक्यावरचा. घरात आई असताना बाबा किटली घेऊन नाक्यावर का जातात, हे लहानपणी नीलाला समजत नसे. समजलं त्या दिवसापासून तिने त्या किटलीला हात लावला नव्हता.

“तुम्हाला त्या सिनेमात एवढं दिसतं तरी काय?” तिने एकदा वडिलांना चिडून विचारलं होतं.

“जेलात एक बरं असतं गो,” धम्मपाल म्हणाला होता, “भिंत दिसते. कुठं फोडायची ते कळतं.”

पुराच्या वर्षी पाणी चढायच्या आत कुशाबा स्वतः गाडी घेऊन आला आणि नवराबायकोला उमरठला घेऊन गेला. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, अंगावर घ्यायला नवी घोंगडी. सगळं पडवीत. उंबऱ्याच्या आत या म्हणून कुणी म्हटलं नाही. परत आल्यावर धम्मपाल लेकीला फोनवर सांगत होता, “लई केलं गो त्यानं आमचं.” आई मागून एवढंच म्हणाली, “तिथं पडवीत पाऊस तिरपा येतो.”

भाषणं आटोपली. पंगत बसू लागली. कुशाबा चपला शोधत आईसमोर आला आणि त्याने हात जोडले. “येतो वैनी.”

“काका, जेवून जायचं,” नीला म्हणाली.

“आज जरा...”

“आज बुधवार आहे.”

“बुधवार धरलाय यंदा. इठ्ठलाचा.”

“काय काका,” वाढायला उभा असलेला तिचा चुलतभाऊ विनोद म्हणाला, “आठवड्यात एखादा वार आमच्यासाठी मोकळा ठेवलाय का नाय?”

पंगतीत हसू फुटलं. कुशाबाही हसला. नीला हसली नाही.

“बाबांना ठाऊक होतं?”

“काय गो?”

“तुमचा उपास नसतो ते.”

हसू जागच्या जागी विरलं. कुशाबाने चप्पल पायातून काढली, परत घातली.

“पयल्यापासून,” तो म्हणाला. “मीच सांगितलं व्हतं त्याला. आमची म्हातारी हाय तवर सांभाळून घे, म्हनलं. ती गेली की तुज्या घरात बसून पोटभर जेवीन. तो म्हनला, थांबतो मी. घाई काय हाय?”

“म्हातारी कधी गेली?”

कुशाबा मंडपाबाहेर बघू लागला.

“काका, कधी गेली?”

“पुराच्या आधल्या साली.”

“मग?”

“मंग घरात सून आली.”

पडवीतला तिरपा पाऊस नीलाला स्वतःच्या तोंडावर बसल्यासारखा वाटला. म्हणजे तेव्हा म्हातारी नव्हतीच. बाबा पाच रात्री भिंतीला पाठ लावून घोंगडीत बसले, आणि त्यांना हे माहीत होतं. तरी फोनवर म्हणाले, लई केलं गो त्यानं. आशा बाळगावी म्हणतात. चांगल्या माणसाने आशा बाळगली की समोरच्याचं किती सोपं होतं!

कुशाबाने चपला बाजूला सारल्या. पंगतीत एक जागा रिकामी होती, तिथे तो मांडी घालून बसला. पान पुढे होतं, त्यावर मीठ आणि लिंबाची फोड. ग्लासात पाणी ओतलेलं होतं.

“वाढ पोरी,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “आज बसतो.”

शेजारचे लोक सरकले, त्याला ऐसपैस जागा करून दिली. कुणीतरी पुटपुटलं, “धम्मपाल असता तर...” आईने मानेनेच खूण केली, वाढ.

नीला भाताचं पातेलं कमरेला लावून त्याच्यासमोर उभी राहिली. डाव हातात तसाच राहिला.

“नाही काका. उठा.”

“अगो, मी बसतोय ना!”

“तुम्ही बसताय. बघायला ते नाहीत.” तिचा आवाज वर चढला नाही. “त्यांनी दोस्तीपायी गिळलं, तो त्यांचा प्रश्न. माझ्या हातून तुमचं मन हलकं व्हायचं नाही.”

“नीले,” आई कळवळली, “पानावरनं माणूस उठवू नये गो.”

“ह्यांनी बाबांना पानावर बसूच दिलं नाही, आई.”

विनोदने डाळीची बादली खाली ठेवली. कुशाबा बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग जमिनीवर हात टेकून उठू लागला. वयाने गुडघे धरले होते. शेजारच्याने आधाराला हात दिला, तो त्याने घेतला नाही. अर्धा उठल्यावर काय वाटलं कोण जाणे, परत वाकला, ग्लास उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. थोडं हनुवटीवरून शर्टात ओघळलं. ते पुसलं नाही.

नीलाला त्याला थांबवता आलं नाही. पाण्याला नाही म्हणायची रीत त्या घरात नव्हती.

तो मंडपातून बाहेर पडेपर्यंत ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग एक पाऊल पुढे सरकली आणि पुढच्या पानावर भात वाढू लागली.