नव्या खोक्यातलं कार्ड

चाळिशी उलटली तरी घरात सगळे तिला चिमीच म्हणत. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या घडवायची. मेणात एकेक दात बसवताना तिचा हात कधी कापत नाही, अशी तिची ख्याती होती. लहानपणी घरात गेमचं यंत्र आलं तेव्हा खेळायचा तो दादा. ती मागे बसून "डावीकडून येतोय" एवढंच सांगायची. तिची पाळी कधी आलीच नाही. त्यामुळे आता स्वतःचा गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा, असं ठरवताना तिचं तिलाच हसू आलं. आईला काही हसू आलं नाही. "या वयात?" एवढंच ती म्हणाली.

दादा मात्र खूश झाला. तो होता विमा कंपनीत, पण नात्यातल्या कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की बोलावणं त्यालाच.

"तयार घेऊ नकोस, लुटतात," तो म्हणाला. "एकेक पार्ट निवडून जोडू. मी आहे ना."

त्या "मी आहे ना"नं ती सुखावली. आईचं आजारपण सोडलं तर भावाबहिणीत बोलायला विषयच उरला नव्हता. आता दर रविवारी तो तिच्याकडे येऊन बसायचा, आणि चहा गार होईपर्यंत दोघांचा प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम यांवर खल चालायचा.

तिला पांढरं, काचेच्या दाराचं कॅबिनेट आवडलं होतं. "डबा बघून गेम पळत नाही," दादा म्हणाला, आणि काळा पत्र्याचा डबा ठरला. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला. कीबोर्ड प्रयोगशाळेतला, टाकून दिलेला. पॉवर सप्लायमध्ये हात आखडलास तर सगळंच जळेल, असं त्यानं बजावलं, म्हणून तो तेवढा बरा घेतला. बाकी जिथे जिथे पैसे वाचले ते सगळे ग्राफिक्स कार्डात घालायचे. "चित्र काढतं ते कार्ड. इतर सगळे नुसते हमाल," तो म्हणायचा. अर्धं बजेट त्या एका वस्तूत गेलं.

कार्ड सगळ्यात आधी आलं. "मी घरी नेऊन माझ्या मशीनवर तपासून ठेवतो," दादा म्हणाला. "खराब निघालं तर वेळेत परत करता येईल." यात वावगं वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

जोडणीचा दिवस फार छान गेला. दादा सांगत होता, ती स्क्रू पिळत होती. "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे," तो म्हणाला. असं त्यानं तिला कधी म्हटलं नव्हतं. कार्ड तेवढं त्यानं स्वतः खोक्यातून काढून बसवलं.

गेम सुरू व्हायचा, थोडा वेळ झकास चालायचा, मग पडदा काळा. ती फोन करायची. "तुझ्या घरातली वीज खालीवर होत असेल," दादा म्हणायचा. नंतर म्हणाला, सेटिंग उतरव. तिनं उतरवली. सावल्या गेल्या, पाणी थिजल्यासारखं झालं, शेवटी झाडांची पानंही गेली. तरी पडदा काळा व्हायचा तो व्हायचाच.

"एवढ्या पैशात एवढंच येतं गं," दादा म्हणाला. जोडताना आपलंच काहीतरी चुकलं, असं तिनं मनाशी धरलं.

आई दादाकडे राहायची. एका संध्याकाळी चिमी तिची औषधं द्यायला गेली. दादा कामावरून यायचा होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बरं झालं ते कार्ड तुझ्याकडे गेलं," वहिनी सहज म्हणाली. "इथे सारखं बंद पडायचं, की यांची चिडचिड. आता नव्यावर कसे शांत बसतात."

चिमी उठून आतल्या खोलीत गेली. दादाच्या कॅबिनेटला काचेचं दार होतं, आणि काचेतून तिचं कार्ड दिसत होतं. त्यावरचं नाव तिला पाठ होतं. किती रविवार तिनं त्याच नावाचा ध्यास घेतला होता.

दादा आला तेव्हा ती तिथेच उभी होती.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

त्यानं बॅग खाली ठेवली. नाकारलं नाही. "अगं, तू खेळणार किती? तुला काय फरक कळणार होता?"

"मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय."

"आणि माझे इतके रविवार गेले त्याचं काय? दुसऱ्या कुणी फुकट केलं असतं?"

"मागितलं असतंस तर दिलं असतं मी."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं. तिनं टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, मशीन बंद केलं, वायर काढली. आई दारात येऊन उभी राहिली. "चिमे, भावाच्या घरात येऊन हे काय चालवलंयस? एवढ्याशा डबड्यासाठी?"

चिमीनं कार्ड अलगद सोडवलं आणि पिशवीतल्या स्वेटरमध्ये गुंडाळायला घेतलं.

"लोकरीत नको," दादा म्हणाला. "स्टॅटिक विजेनं मरेल ते."

तिनं स्वेटर बाजूला केला आणि कार्ड हातातच धरून घरी नेलं.

ते तिनं एकटीनं बसवलं. झाडांना पानं आली, पाण्यात आभाळ दिसलं, पडदा काळा झाला नाही. थोडं खेळून तिनं मशीन बंद केलं आणि नुसतीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी जुनं कार्ड तिनं दादाच्या ऑफिसात पोचतं केलं. त्याच्याकडून हूं नाही की चूं नाही. आईही फोनवर औषधांपुरतंच बोलू लागली.

पुढे वहिनीकडूनच कळलं, दादा आता मावसबहिणीच्या मुलीसाठी पार्ट निवडतोय. कार्ड तर देऊनही झालं.

"कुठलं कार्ड?" चिमीनं विचारलं.

"तेच गं, तू परत पाठवलेलं." वहिनीनं आवाज खाली आणला. "नवं म्हणून दिलंय. माझं नाव सांगू नकोस हं."

चिमीनं मावसबहिणीला फोन लावला. "दादानं दिलेलं कार्ड ठेवू नकोस. जुनं आहे ते, मधेच बंद पडतं. माझ्याकडे होतं."

मावसबहीण म्हणाली, "तू फोन करशील असं दादा म्हणालाच होता. बिनसलंय ना तुमचं. आमच्या पोरीसाठी सुट्टीच्या दिवशी येऊन बसतो गं तो. इतकं कोण करतं?"

"कोणी नाही करत," चिमी म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.